दोन ओळी बदलल्या, पीआरमध्ये तीनशे फाइली: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

ऑक्टोबर आला की पुण्यातल्या कॉलेजांतून हा प्रश्न माझ्याकडे यायला लागतो, आणि वर्षभर अधूनमधून हिंजवडी-बाणेरच्या ऑफिसांतूनही येत राहतो. मुक्त स्रोत लायब्ररीत छोटीशी दुरुस्ती केलेली असते, पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे ‘माझा बदल मूळ प्रकल्पात घ्या’ ही विनंती) उघडलेली असते, आणि तिथे भलताच पसारा दिसतो. बिघाड दरवेळी वेगळा वाटला तरी कारणं ठरलेली आहेत. बहुतेकांना घरबसल्या दहा-पंधरा मिनिटांत दुरुस्त करता येईल असंच हे प्रकरण असतं, फक्त क्रम चुकवायचा नाही.

आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीप्रमाणे रोमन लिपीतच टाइप करायच्या.

लक्षणं

यातलं तुमचं कुठलं ते आधी ओळखा. दोन-तीन एकत्रही असू शकतात.

- ‘फाइल्स चेंज्ड’चा आकडा फुगलाय. तुम्ही कधी उघडल्याही नाहीत अशा फाइली यादीत आहेत.
- फाइली मोजक्याच आहेत, पण एखादी फाइल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लाल-हिरवी आहे. जितक्या ओळी वाढल्या, तितक्याच कमी झाल्या.
- ‘कमिट्स’ टॅबमध्ये अनोळखी लोकांचे कमिट (गिटमध्ये नोंदवलेले बदल) आहेत. किंवा तुमचेच जुने, कधीच मर्ज झालेले कमिट पुन्हा आलेत.
- डिफमध्ये (आधीचं-नंतरचं दाखवणाऱ्या तुलनेत) ओळ बदललेली दिसते, पण वरची आणि खालची ओळ डोळ्यांना अगदी सारखी. मराठी भाषांतराच्या फाइलींत हे हमखास होतं.
- पीआर उघडल्याबरोबर बॉटने दहा लेबलं चिकटवली आणि ओळखदेख नसलेल्या आठ जणांना रिव्ह्यूची विनंती गेली.

शेवटचं लक्षण असेल तर बाकी सगळं सोडून आधी उजवीकडच्या ‘कन्व्हर्ट टू ड्राफ्ट’वर क्लिक करा. गिटहबवर कोडओनर्सची फाइल असलेल्या प्रकल्पात, तुम्ही ज्यांच्या हद्दीतल्या फाइलींना हात लावता त्यांना आपोआप बोलावणं जातं. पीआर ड्राफ्ट असेपर्यंत नवीन बोलावणी जात नाहीत. गेलेली परत येत नाहीत, पण निदान दुरुस्ती करताना आणखी लोकांच्या इनबॉक्समध्ये भर पडत नाही.

हात लावण्याआधी

पीआर बंद करून नवीन उघडू नका. ‘आधीच्यात गोंधळ झाला म्हणून दुसरी उघडली, तिच्यातही तेच झालं म्हणून तिसरी’ अशी माळ पाहिली की मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) वैतागतो, आणि त्याला कारणही आहे. हॅक्टोबरफेस्ट म्हणजे मुक्त स्रोत प्रकल्पांना हातभार लावण्याचा दर ऑक्टोबरचा उपक्रम. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये टी-शर्टसाठी निरर्थक पीआरचा इतका पाऊस पडला की आयोजकांना उपक्रम चालू असतानाच नियम बदलावा लागला: ज्या रेपोने (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्याने) स्वतःहून ‘आम्ही सहभागी’ असं सांगितलंय, तिथलेच पीआर धरायचे. तेव्हापासून अनोळखी नावाची फुगलेली पीआर दिसली की अनेकांच्या कपाळाला आठी पडते. एकच पीआर ठेवून ती नीट करणाऱ्या माणसाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

दुसरं, घाईघाईने `गिट पुल` मारू नका. आधीच गुंतलेल्या इतिहासात आणखी एक मर्ज कमिट पडतो आणि गाठ सोडवायला अवघड होते.

तिसरं, आत्ता आहे त्या स्थितीची खूण करून ठेवा: `गिट ब्रँच बॅकअप`. याला काही खर्च नाही. गिटचा रिफ्लॉग (ब्रँचचं टोक कधी कुठे होतं याची नोंदवही) तसा तुम्हाला वाचवतो, पण त्यालाही मुदत असते. कुठल्याच ब्रँचला न जोडलेल्या नोंदी मुळात ३० दिवसांनी आणि बाकीच्या ९० दिवसांनी झडायला पात्र होतात. शिवाय जे कमिटच केलं नाही, ते रिफ्लॉगमध्ये नसतं. म्हणून अर्धवट बदल असतील तर तेही आधी कमिट करा, मगच पुढे जा.

१. बेस ब्रँच बघा

सगळ्यात स्वस्त तपासणी हीच. टर्मिनलसुद्धा उघडावं लागत नाही. पीआरच्या शीर्षकाखाली कुठली ब्रँच कुठे मर्ज व्हायची आहे ते लिहिलेलं असतं. तिथे ‘बेस’ म्हणून काय आहे?

कितीतरी लायब्रऱ्यांत नवीन काम मेनवर चालतं आणि जुन्या आवृत्त्यांसाठी वेगळ्या ब्रँच असतात. काही ठिकाणी उलट: रोजचं काम डेव्हलपवर आणि मेन फक्त रिलीजपुरती. तुम्ही मेनवरून ब्रँच काढली आणि बेस मात्र दोन वर्षांपूर्वीची रिलीज ब्रँच निवडली, तर त्या दोन वर्षांत मेनवर झालेलं सगळं काम तुमच्या नावावर दिसणार.

असं का होतं? गिटहब पीआरचा डिफ काढताना दोन ब्रँचची आजची टोकं एकमेकांशी लावून बघत नाही. दोन्ही जिथून फुटल्या तो शेवटचा समान कमिट शोधतं आणि तिथून तुमच्या टोकापर्यंत काय काय झालं ते दाखवतं. समान कमिट जितका मागे, तितका पसारा मोठा. म्हणजे नुसता फोर्क (मूळ रेपोची तुमच्या खात्यावरची प्रत) जुना झाला म्हणून दुसऱ्यांच्या फाइली तुमच्या पीआरमध्ये येत नाहीत. ‘फोर्क सिंक केला नाही म्हणून झालं’ असं जो तो सांगतो, पण नुसत्या तेवढ्याने ते होत नाही. तुलना कशाशी चाललीय, हा खरा प्रश्न असतो, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक तपासणीत आपण तोच वेगवेगळ्या बाजूंनी विचारणार आहोत.

दुरुस्ती: शीर्षकाशेजारचं ‘एडिट’ दाबा, बेस बदला. आकडा धाडकन खाली आला तर काम संपलं. एक जुना सापळाही इथेच असतो. गिटहबने ऑक्टोबर २०२० पासून नव्या रेपोंसाठी मुळातलं नाव मेन केलं. अनेक जुन्या प्रकल्पांनी नंतर नाव बदललं आणि काहींनी मास्टर नावाची जुनी ब्रँच तशीच पडून राहू दिली. तुमचा फोर्क चार-पाच वर्षांपूर्वीचा असेल तर तुम्ही त्या मृत ब्रँचवर काम करत नाही ना, हे पाहून घ्या.

२. कमिट्सचा टॅब उघडा

बेस बरोबर आहे, तरीही पसारा आहे. मग ‘कमिट्स’मध्ये जा आणि नुसती नावं-तारखा वाचा. तुमच्या एका दुरुस्तीसाठी एक किंवा दोन कमिट अपेक्षित आहेत. तिथे चौदा असतील तर उरलेले कोणाचे?

स्वतःचेच जुने, मर्ज झालेले कमिट दिसत असतील तर तुम्ही फोर्कच्या मेनवरच थेट काम करत आला आहात. मागच्या वेळी तुमचे पाच कमिट मेंटेनरने ‘स्क्वॉश’ करून एकच कमिट म्हणून घेतले. त्या एका कमिटचा हॅश (कमिटची ओळखखूण) नवा. तुमच्या मेनवर मात्र जुने पाच तसेच आहेत. मजकूर तोच असला तरी गिट कमिटला हॅशवरून ओळखतं, त्यामुळे त्याच्या लेखी ते पाच अजून पोचलेलेच नाहीत. पुढच्या पीआरमध्ये ते पुन्हा वरातीत सामील होतात.

परक्यांचे कमिट दिसत असतील तर बहुधा रिबेस उलट्या दिशेने झालाय: तुमचं काम मेनवर बसवण्याऐवजी मेनचं काम तुमच्या ब्रँचवर बसवलं गेलं. रिबेसमध्ये प्रत्येक कमिट नव्याने लिहिला जातो, हॅश बदलतो, आणि जगातल्या कुणाचंही काम तुमच्या पीआरमध्ये नव्या हॅशने अवतरतं.

दोन्हीवर इलाज एकच आहे, तो सहाव्या क्रमांकावर दिलाय. इथे फक्त एक सावधगिरी: फोर्कच्या पानावर ‘सिंक फोर्क’ बटण आहे. तुमच्या मेनवर स्वतःचे कमिट असतील तर ते ‘डिस्कार्ड’ करू का असं विचारतं. पीआर मेनवरूनच उघडलेली असेल आणि तुम्ही हो म्हणालात, तर पीआरमधलं कामच उडतं. बॅकअपची ब्रँच कशासाठी काढायला सांगितली, ते इथे कळतं.

३. मोकळी जागा लपवून बघा

दुसरं लक्षण असणाऱ्यांसाठी, म्हणजे अख्खी फाइल लाल-हिरवी. ‘फाइल्स चेंज्ड’मध्ये छोटं दातेरी चाक असतं, तिथे ‘हाइड व्हाइटस्पेस’ची खूण करा. यादीतली नावं कदाचित तशीच राहतील, पण आतला लाल-हिरवा रंग नाहीसा होऊन तुमच्या दोनच ओळी उरल्या, तर रोग सापडला: ओळींच्या शेवटची अदृश्य अक्षरं किंवा इंडेंटेशन.

विंडोजवर ओळ संपते तिथे दोन बाइट असतात, सीआर आणि एलएफ. लिनक्स आणि मॅकवर एकच, एलएफ. बहुतेक लायब्रऱ्या रेपोत एलएफ ठेवतात. विंडोजसाठीचं गिट इन्स्टॉल करताना जो पर्याय आधीच निवडलेला असतो, त्यात फाइल घेताना सीआरएलएफ आणि कमिट करताना एलएफ अशी अदलाबदल आपोआप होते. तिथवर सगळं ठीक चालतं.

मग बिघडतं कुठे? माझ्याकडे येणाऱ्या लॅपटॉपांवर बहुतेक वेळा गोष्ट एकच असते. क्लोन केलं विंडोजच्या गिटने, सी ड्राइव्हवर. मग कुणीतरी सांगितलं की डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आतच चालणाऱ्या लिनक्समध्ये) बिल्ड सोपी जाते, म्हणून तेच फोल्डर डब्ल्यूएसएलमधून उघडलं. डब्ल्यूएसएलमधलं गिट हे वेगळं गिट. त्याची सेटिंग वेगळी, त्याला अदलाबदलीचा पत्ताच नाही. त्याच्या दृष्टीने रेपोतली प्रत्येक मजकूर फाइल बदललेली आहे. `गिट स्टेटस`मध्ये शेकडो फाइली लाल दिसतात, माणूस गांगरतो, `गिट ॲड .` करतो, आणि सगळं कमिटमध्ये जातं.

खात्री करायला `गिट एलएस-फाइल्स --इओएल` चालवा. प्रत्येक फाइलीपुढे, गिटने साठवलेल्या प्रतीत काय आहे आणि तुमच्या डिस्कवरच्या प्रतीत काय आहे, हे वेगवेगळं दिसतं. साठवलेल्या प्रतीपुढे सीआरएलएफ दिसलं तर ते कमिटमध्ये गेलंय. फक्त डिस्कच्या प्रतीपुढे असेल तर अजून काही बिघडलेलं नाही.

दुरुस्ती: ज्या गिटने काम करताय त्यात `कोअर.ऑटोसीआरएलएफ`ची किंमत `इनपुट` करा, मग `गिट ॲड --रीनॉर्मलाइझ .` आणि नवा कमिट. हा पर्याय गिट २.१६ पासून आहे, म्हणजे २०१८ नंतरचं कुठलंही गिट चालेल. कमिट करण्याआधी `गिट डिफ --कॅश्ड --स्टॅट` जरूर बघा, कारण काही प्रकल्पांत विंडोजच्या बॅच फाइली मुद्दाम सीआरएलएफमध्ये ठेवलेल्या असतात, त्या यात भरडल्या जायला नकोत. आणि पुढच्यासाठी क्लोन डब्ल्यूएसएलच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये घ्या. बिल्डही जलद होते.

‘मग प्रकल्पात गिटॲट्रिब्यूट्सची फाइल टाकून कायमचा बंदोबस्त करू का?’ असं एकाने विचारलं होतं. विचार चांगला, पण दोन ओळींच्या दुरुस्तीच्या पीआरमध्ये मुळीच नाही. वेगळा इश्यू उघडा, आधी विचारा.

४. सेव्ह केल्यावर एडिटर काय करतो

मोकळी जागा लपवूनही पसारा उरला, आणि ओळी नुसत्या वेगळ्या ठिकाणी तुटलेल्या, एकेरी अवतरणांची दुहेरी झालेली, स्वल्पविराम वाढलेले दिसले, तर एडिटरमधलं ‘फॉरमॅट ऑन सेव्ह’ चालू आहे. तुम्ही दोन ओळी लिहून सेव्ह केलं, त्याने उरलेली फाइल त्याच्या आवडीची केली.

प्रकल्पाचा स्वतःचा फॉरमॅटर असला तरी हे होऊ शकतं, कारण आवृत्ती वेगळी असते. पायथनच्या ब्लॅकचं उदाहरण घ्या. त्याची स्थिर शैली कॅलेंडर वर्षातून एकदा बदलू शकते, म्हणजे तुमच्याकडे यंदाची आवृत्ती आणि प्रकल्पाने गेल्या वर्षीची पक्की केलेली असेल, तर न बदललेला कोडही बदलतो. प्रकल्पात प्री-कमिटची कॉन्फिग फाइल असेल तर आवृत्ती तिथे लिहिलेली असते. ती वापरा, स्वतःच्या लॅपटॉपवर सरसकट बसवलेली नको.

फॉरमॅट ऑन सेव्ह त्या प्रकल्पापुरतं बंद करा. झालेली घाण काढायला, ज्या फाइलींना तुम्हाला मुळात हातच लावायचा नव्हता त्या `गिट रिस्टोअर --सोर्स=अपस्ट्रीम/मेन` आणि फाइलीचं नाव देऊन मूळ स्वरूपात आणा (अपस्ट्रीम म्हणजे मूळ रेपो; तो जोडलेला नसेल तर कसा जोडायचा ते सहाव्या क्रमांकावर आहे). जिथे तुमच्या दोन ओळी आहेत, तिथे पुन्हा बदल करताना `गिट ॲड -पी` वापरा. ते एकेक तुकडा दाखवून ‘हा घेऊ का?’ विचारतं.

‘पण दादा, कोड नीटनेटका झाला तर बिघडलं काय?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. बिघडतं ते असं: रिव्ह्यू करणाऱ्याला तुमच्या दोन ओळी सापडत नाहीत. शिवाय पुढे कुणी `गिट ब्लेम` चालवून ‘ही ओळ का लिहिली होती’ असं शोधायला गेला, तर प्रत्येक ओळीवर तुमचं नाव आणि ‘टायपो दुरुस्त’ एवढाच संदेश. दहा वर्षांचा माग पुसला जातो.

५. कचरा, परवानग्या आणि इतर किरकोळ

यादीत नोड-मॉड्यूल्स, व्हेन्व, पायकॅश, एडिटरचं आयडिया फोल्डर, मॅकची डीएस-स्टोअर असलं काही दिसलं तर `गिट ॲड .` हाच गुन्हेगार. `गिट आरएम -आर --कॅश्ड` आणि फोल्डरचं नाव दिलं की ते गिटमधून जातं, डिस्कवर राहतं. नंतर गिटइग्नोअरमध्ये घालून उपयोग होतो, आधी नाही. एकदा गिटमध्ये शिरलेल्या फाइलीला गिटइग्नोअर लागू होत नाही. तुमच्या एडिटरची वैयक्तिक फोल्डरं प्रकल्पाच्या गिटइग्नोअरमध्येही घालू नका. त्यासाठी डॉट-गिट फोल्डरच्या आत इन्फो/एक्स्क्लूड नावाची फाइल असते, ती फक्त तुमच्यापुरती.

पॅकेजची लॉक फाइल बदलली असेल आणि तुम्ही कुठलीही डिपेंडन्सी वाढवली नसेल, तर ती अपस्ट्रीमवरून जशीच्या तशी परत आणा.

फाइलीत शून्य ओळी बदलल्या, पण ‘१००६४४ ते १००७५५’ असं दिसतंय? ती चालवण्याची परवानगी बदललीय. पुन्हा विंडोज आणि लिनक्सची सरमिसळ. `कोअर.फाइलमोड` फॉल्स करा. सबमॉड्यूलचा नुसता हॅश बदललेला दिसत असेल तर `गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट`, मग पुन्हा स्टेटस.

मराठी फाइलींचं वेगळं दुखणं

पुण्यातून जाणाऱ्या पहिल्यावहिल्या पीआरमध्ये मराठी भाषांतराच्या दुरुस्त्या बऱ्याच असतात, आणि परदेशातला मेंटेनर यात तुम्हाला काही मदत करू शकत नाही, म्हणून हे जरा सविस्तर.

‘दऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: ऱ (यू+०९३१) आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर अदृश्य झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर, यू+२००डी). पडद्यावर दोन्ही सारखेच. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ऱ ला स्वतःची कळ आहे, शिफ्टसह. काही फोनेटिक कीबोर्ड मात्र झेडडब्ल्यूजेवाला प्रकार उमटवतात. फाइलीत आधीचा एक प्रकार, तुम्ही टाइप केला दुसरा: डिफमध्ये ओळ बदलते, डोळ्यांना काहीच दिसत नाही. मोकळी जागा लपवूनही हे जात नाही, कारण झेडडब्ल्यूजे मोकळी जागा नाही. याच्या उलटही घडतं. एखादं साधन अदृश्य अक्षरं साफ करतं, झेडडब्ल्यूजे जातं, आणि ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं. दऱ्याखोऱ्यांचा समुद्र झाला तरी टेस्ट हिरव्याच राहतात.

तपासायला पायथनमध्ये तो शब्द घेऊन प्रत्येक अक्षराचा `ऑर्ड` छापा. ८२०५ हा आकडा दिसला तर झेडडब्ल्यूजे आहे, २३५३ दिसला तर ऱ. फाइलीत आधीपासून जो प्रकार आहे तोच ठेवा. फाइलीतच दोन्ही मिसळलेले असतील तर ती वेगळी पीआर, वेगळी चर्चा.

पीओ फाइली (भाषांतराच्या फाइलींचा एक प्रकार) पोएडिट या भाषांतराच्या एडिटरमध्ये उघडून सेव्ह केल्या तर शीर्षभागातल्या ओळी बदलतात आणि लांब ओळी नव्याने तोडल्या जातात. एका शब्दासाठी शेकडो ओळींचा डिफ येतो. एका शब्दासाठी साधा टेक्स्ट एडिटर बरा. त्याआधी हेही बघा, की प्रकल्प भाषांतरं पीआरने घेतो का. बरेच प्रकल्प ती वेबलेटसारख्या मंचावरच घेतात, आणि तिथलं सोडून थेट फाइलीत केलेला बदल पुढच्या सिंकला पुसला जाऊ शकतो.

पहिलीच ओळ बदललेली दिसते पण कळत नाही काय, असं झालं तर बीओएम तपासा: फाइलीच्या सुरुवातीचे तीन अदृश्य बाइट. जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलं की ते यायचे. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून नोटपॅड मुळात बीओएमशिवाय सेव्ह करतं, पण कॉलेजच्या लॅबमधली मशीन त्याआधीची असू शकतात. आणि फाइलीचं नावच देवनागरीत असेल तर `गिट स्टेटस`मध्ये \३४०\२४४ अशी आकड्यांची रांग दिसते. तो बिघाड नाही. `कोअर.कोटपाथ` फॉल्स केलं की नाव वाचता येतं.

६. स्वच्छ ब्रँच

वरच्या कशानेही भागलं नाही, किंवा कमिटचाच गुंता आहे, तर जुनी ब्रँच सोडवत बसू नका. मांज्याचा गुंता झाला की माणूस सोडवत बसत नाही, तोडून नवा बांधतो. तेच इथे.

`गिट रिमोट -व्ही` चालवा. त्यात ‘ओरिजिन’ म्हणजे तुमचा फोर्क आणि ‘अपस्ट्रीम’ म्हणजे मूळ रेपो असे दोन्ही दिसले पाहिजेत. अपस्ट्रीम नसेल तर `गिट रिमोट ॲड अपस्ट्रीम` आणि मूळ रेपोचा पत्ता. मग:

`गिट फेच अपस्ट्रीम`
`गिट स्विच -सी स्वच्छ अपस्ट्रीम/मेन`
`गिट चेरी-पिक` आणि तुमच्या खऱ्या कमिटचा हॅश

‘स्वच्छ’च्या जागी कुठलंही रोमन नाव द्या, आणि प्रकल्पाची बेस वेगळी असेल तर मेनच्या जागी ती. गिट फार जुनं असेल, २०१९ च्या २.२३ च्या आधीचं, तर स्विच आणि रिस्टोअर या आज्ञा चालणार नाहीत. तेव्हा गिटच नवं करा.

कमिटमध्येच खरं आणि कचरा मिसळलेलं असेल तर चेरी-पिक कचराही घेऊन येईल. अशा वेळी लोक जुन्या ब्रँचवरून अख्खी फाइल उचलून आणतात. ती युक्ती धोक्याची आहे: मधल्या काळात त्या फाइलीत दुसऱ्या कुणी दुरुस्ती केली असेल, तर तुमची जुनी प्रत ती गुपचूप उलटवते. डिफ लहान दिसतो, त्यामुळे रिव्ह्यूमध्येही निसटतं. माझा सल्ला अगदी साधा आहे. दोन ओळी असतील तर स्वच्छ ब्रँचवर हाताने पुन्हा टाइप करा.

पुश करण्याआधी `गिट डिफ --स्टॅट अपस्ट्रीम/मेन...हेड` चालवा. मध्ये तीन टिंबं. गिटहब पीआरवर जी तुलना दाखवतं ती हीच, म्हणजे तिथे काय दिसणार ते इथेच दिसतं. आकडा बरोबर आला की:

`गिट पुश --फोर्स-विथ-लीज ओरिजिन स्वच्छ:जुनी-ब्रँच`

पीआर जुन्याच ब्रँचला जोडलेली आहे, त्यामुळे तीच पीआर आपोआप स्वच्छ होते. साधा `--फोर्स` नको. लीजवाला प्रकार, तुमच्या माहितीपलीकडे त्या ब्रँचवर कुणी काही ढकललं असेल तर थांबतो. मात्र एडिटर मागच्या मागे फेच करत असेल तर ही राखण ढिली पडते, हेही लक्षात असू द्या.

रिव्ह्यू आधीच सुरू झाला असेल तर फोर्स पुश करण्यापूर्वी प्रकल्पाची कॉन्ट्रिब्यूटिंगची फाइल वाचा. काही ठिकाणी त्याला सक्त मनाई असते, कारण ओळींवर दिलेल्या टिपा ‘आउटडेटेड’ होऊन विखुरतात. चालत असेल तर पीआरवर एक ओळ लिहा: इतिहास साफ केला, आता फक्त अमुक फाइल बदललीय. एवढंच. चार परिच्छेदांची माफी नको.

यानंतर तपासण्या ‘अप्रूव्हलच्या प्रतीक्षेत’ म्हणून अडकलेल्या दिसल्या तर घाबरू नका. पहिल्यांदाच योगदान देणाऱ्याच्या पीआरवर गिटहब ॲक्शन्स चालवायला मेंटेनरची परवानगी लागू शकते. तुमच्या बाजूने करण्यासारखं काही नसतं.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

*कमिटमध्ये पासवर्ड, एपीआय की किंवा टोकन गेलंय.* सगळं सोडा, आधी ती की रद्द करा. फोर्स पुशने पानावरून ती दिसेनाशी होते, पण हॅश माहीत असणाऱ्याला जुना कमिट गिटहबवर उघडता येऊ शकतो. की तुमची नसून ऑफिसची असेल तर तुमच्या सिक्युरिटी टीमला त्याच क्षणी सांगा, रात्रीचे अकरा वाजले असले तरी. प्रकल्पाची असेल तर सिक्युरिटीच्या फाइलीत दिलेल्या खासगी मार्गाने मेंटेनरला कळवा. उघड इश्यूमध्ये अजिबात नको.

*कोड ऑफिसच्या वेळात किंवा ऑफिसच्या कामासाठी लिहिलाय, आणि बॉट सीएलएवर (योगदान देणाऱ्याने करायच्या परवाना-करारावर) सही मागतोय.* इथे गिटचं ज्ञान उपयोगाचं नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. जे तुमचं नाही त्यावर तुम्ही सही करू शकत नाही. मॅनेजर, कंपनीचा विधी विभाग, गरज पडली तर वकील. ‘सगळेच करतात’ हे हिंजवडीत फार ऐकू येतं, त्यावर जाऊ नका. कमिट ऑफिसच्या ईमेलने झालाय का, हेही बघून घ्या.

*`गिट एफएससीके`मध्ये करप्ट किंवा मिसिंग ऑब्जेक्ट दिसतायत.* आणखी आज्ञा चालवू नका. अख्खं फोल्डर, आतल्या डॉट-गिटसह, दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि नव्याने क्लोन घ्या. डिस्क आवाज करत असेल किंवा कॉपी मध्येच अडकत असेल तर लॅपटॉप बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. दुरुस्तीचे प्रयोग जितके जास्त, तितकं हाती लागणं कमी.

*तुम्हाला मूळ रेपोत लिहिण्याचा हक्क आहे आणि फोर्स पुश चुकून तिथेच झालाय.* दुसरा पुश करून सावरायला जाऊ नका. इतर मेंटेनरना लगेच सांगा, कुणाच्या तरी लॅपटॉपवर आधीचं टोक असतंच. तोवर तुमच्या टर्मिनलमधलं काहीही पुसू नका: पुशच्या वेळी छापलेल्या ओळीत जुना हॅश असतो, आणि त्यांना तोच हवा असणार.

*कॉन्फ्लिक्ट अशा फाइलीत आहे, जिचा अर्थच तुम्हाला लागत नाही.* एकदा प्रयत्न करा, जमलं नाही तर अंदाजाने ‘माझं ठेव, त्याचं काढ’ करू नका. पीआरच्या उजव्या बाजूला, मेंटेनरना बदल करू देण्याची चौकट असते. फोर्क तुमच्या वैयक्तिक खात्यावर असेल तर ती खूण केलेली आहे ना ते पाहा, आणि अडचण कुठल्या फाइलीत, कुठल्या ओळीत आहे ते नेमकं लिहा. ज्याने ती फाइल लिहिलीय, तो तुमच्याच ब्रँचवर कॉन्फ्लिक्ट सोडवून देऊ शकतो. त्याने तसं केलं, तर पुढचं काम करण्याआधी आपल्या लॅपटॉपवर `गिट फेच ओरिजिन` करायला विसरू नका.